नव्वद दिवस भरले

नव्वद दिवस भरले की सोमवारी सकाळी, हजेरीच्या ऐन वेळी, संगणक अडून बसतो: नवा पासवर्ड द्या. त्यात एक कॅपिटल अक्षर हवं, एक आकडा हवा, एखादं चिन्ह हवं आणि मागच्या पाचांपैकी एकाचंही तोंड दिसता कामा नये. एवढ्या अटी हल्ली मुलीसाठी स्थळ बघतानाही कुणी घालत नाही.

ऑफिसने यावर तोडगा काढलाय. गणपती, ॲट, एकशे तेवीस. पुढच्या खेपेला एकशे चोवीस. बाप्पा तेच, आकडा तेवढा सरकतो. अकाउंट्समधल्या काकांची पिवळी चिठ्ठी कीबोर्डखाली असते. काका रजेवर असले, तर शिपाईच सांगतो, “साहेब, कीबोर्ड उचला.” याला सुरक्षा म्हणतात!

तीनदा चुकलं की खातं बंद. मग आयटीकडे तक्रार नोंदवायची. ती नोंदवायला आधी लॉगिन करायचं.

ज्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेने या नियमांना वजन मिळवून दिलं, तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये पश्चात्ताप झाल्याचं जाहीरपणे सांगून टाकलं. त्याच वर्षी ती मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेनेही सल्ला बदलला: पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल, तर उगाच मुदती घालून तो बदलायला लावू नका.

हे सगळं आमच्या आयटी विभागाला रीतसर कळवलं. उत्तर तत्परतेने आलं: “आपली सूचना वरिष्ठांच्या विचाराधीन आहे. आपल्या पासवर्डची मुदत पाच दिवसांत संपत आहे.”