दंड कोटींत, भाव किलोवर

मुंबईत ज्याला जागा नाही आणि जे टाकूनही देता येत नाही, ते भिवंडीला जातं. दापोडे, वळ, पूर्णा, माणकोली या पट्ट्यात गोदामाच्या शेजारी गोदामच असतं, आणि भिवंडीच्या या गोदामनगरीत फ्रीज-मोबाइलच्या खोक्यांप्रमाणे कंपन्यांच्या जुन्या कागदांची खोकीही मुदत भरण्याची वाट पाहत पडलेली असतात. मुदत भरली की व्यावसायिक श्रेडिंगवाल्याला बोलवायचं. तो सीलबंद पेट्यांतून कागद नेतो, यंत्रात घालून भुगा करतो, नष्ट केल्याचं प्रमाणपत्र देतो आणि वर पैसेही घेतो. मराठी मन दुखावतं ते इथं. रद्दीवाला तेच कागद नेऊन उलट आपल्याला पैसे मोजतो! ते पुढे कुठे जातात, असं त्याला विचारायची रीत नाही. आपली चौकशी तराजूच्या काट्यापाशी संपते.

या व्यवहाराला कायद्यानंही धक्का लावलेला नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती जपण्यात हयगय केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र माहिती डिजिटल हवी, निदान नंतर तरी डिजिटल झालेली हवी. तुमच्या आधारचा स्कॅन संगणकातून निसटला तर गोष्ट कोटींत जाते. कधीच स्कॅन न झालेली, खाली तुमची सही असलेली झेरॉक्स फायलीतून निघून भेळेच्या पुड्यापर्यंत पोचली, तर ती किलोच्या भावातच राहते. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण बजावत असतं. पण त्यांची हरकत शाईला आहे, तुमच्या जन्मतारखेला नाही. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं मे 2022 मध्ये ‘झेरॉक्स कुणालाही देत सुटू नका’ असं सुचवलं, तर दोन दिवसांत ती सूचना मागे घेण्यात आली आणि लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी असं सांगण्यात आलं. नेहमीची म्हणजे कोणती, हे लॉजच्या काउंटरवर झेरॉक्स मागणाऱ्याला विचारून पाहावं.

यावर कुणी म्हणेल, कागद हातानं फाडावेत किंवा ऑफिसातलं छोटं यंत्र वापरावं. त्यासाठी दापोड्याहून श्रेडिंगवाल्याची गाडी कशाला? यंत्रायंत्रांत फरक आहे म्हणून. डीआयएन 66399 या जर्मन मानकात सर्वांत खालच्या पायरीवर 12 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्याही चालतात, आणि सर्वांत वरच्या पायरीवर तुकडा 5 चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही. पट्ट्यांवर विसंबणं किती महागात पडतं, ते तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीला 1979 नंतर कळलं. तिथले श्रेड केलेले कागद इराण्यांनी गालिचे विणणाऱ्यांच्या मदतीनं जुळवले आणि त्यांचे खंडच्या खंड छापले. भिवंडी तर यंत्रमागाचं शहर. सुटे धागे जुळवायला इथं कुणाला शिकवावं लागणार नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे: हे यंत्र पुरावे नष्ट करणाऱ्यांच्या हाती पडेल. आक्षेप रास्त आहे. एन्रॉनचे कागद श्रेड करण्यापायीच आर्थर अँडरसन ही बलाढ्य लेखापाल कंपनी 2002 मध्ये गोत्यात आली. पण महाराष्ट्रात पुराव्याला यंत्राची गरज कधी पडली? आदर्श सोसायटीच्या फायलीतली पानं 2010 साली नगरविकास खात्यातून गेली, ती कुठल्याही पात्याशिवाय. 2005 चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची सोय आहे. फायलींची वर्गवारीही आहे: ‘अ’ कायमची, ‘ब’ 30 वर्षांची, ‘ड’ वर्षभराची. तरीही ‘अभिलेख आढळून येत नाही’ या एका ओळीपुढे माहिती अधिकाराचा अर्ज हात टेकतो. श्रेडिंगच्या सेवेत पात्यापेक्षा मोलाची असते ती नोंद: कोणतं खोकं, कुणाच्या परवानगीनं, कोणत्या तारखेला गेलं. म्हणून सरकारनंही फायली नुसत्या गहाळ होऊ न देता मुदत संपलेल्या फायलींसाठी दापोड्याहून रीतसर गाडी मागवावी आणि ठेका द्यावा. ठेकेदाराचं बिल काढायचं तर खोक्यांची यादी जोडावीच लागेल. आणि बिलाची फाइल गहाळ झाल्याचं मंत्रालयात सहसा ऐकू येत नाही.