रविवारचा फेरफटका : नियम, पोटनियम व अपवाद

मुंबईत समुद्राकाठी फिरायला परवाना लागत नाही. लोकशाहीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्यामुळे कोणीही उठतो आणि फिरतो, आणि रविवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यालगत जे काही चाललेले असते त्याला फेरफटका म्हणवत नाही. मनगटावर काळा पट्टा, कोपरे काटकोनात, नजर पदपथावर आणि चार पावले मागून ‘अहो, जरा हळू’ म्हणणारी बायको, असा एक गृहस्थ नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत जातो, तिथे पाण्याकडे पाठ करून वळतो आणि आला तसा परत जातो. समुद्र कुठल्या हाताला होता असे विचारले तर तो आधी पट्ट्यात पाहील. प्रस्तुत नियमावली या गृहस्थासाठी आहे. ती तो वाचणार नाही, कारण वाचताना पावले पडत नाहीत. तरीही कर्तव्य म्हणून मूलतत्त्व सांगून ठेवतो: फेरफटक्याचा सगळा हिशेब घरातून निघण्याआधी करावा, आणि चपला पायात सरकवल्यानंतर एकही करू नये. सध्या सर्वत्र याच्या नेमके उलट चालते. निघताना भरती किती वाजता आहे हे कोणाला ठाऊक नसते, आणि परतताना पावलांचा आकडा एककापर्यंत पाठ असतो.

गृहस्थाचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. डॉक्टरांनी भरभर चालायला सांगितले आहे. सांगितले असेल तर जरूर चालावे. डॉक्टरांविरुद्ध जाण्याची या नियमावलीची छाती नाही. भरभर चालण्यासाठी आठवड्याचे आणखी सहा दिवस आहेत आणि इमारतीला गच्ची आहे. रविवारची संध्याकाळ आणि अरबी समुद्र यांना औषधाच्या चिठ्ठीत ओढायचे कारण नाही. शिवाय ज्या दहा हजार पावलांसाठी हा जीव टाकला जातो, तो आकडा कोणा वैद्यराजाने नाडी पाहून काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र बाजारात आले, त्याचे नावच दहा हजार पावलांवरून ठेवलेले होते, आणि विक्रीला सोयीचा म्हणून निवडलेला तो गोल आकडा यथावकाश जगाच्या मनगटावर चढला. पुढे २०१९ साली आय-मिन ली यांनी वयस्क स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साधारण साडेसात हजार पावलांपुढे आयुर्मर्यादेला होणारा लाभ वाढताना दिसला नाही. म्हणजे निदान आजींच्या बाबतीत उरलेली अडीच हजार पावले कठड्यावर बसून काढली तरी शास्त्राचा कोप होत नाही. आजोबांनी आपापल्या जबाबदारीवर बसावे.

आता घरी करायचा हिशेब. यासाठी उपग्रह लागत नाही, भिंतीवरचे कालनिर्णय पुरते. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि त्यांची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून त्या दिवशीच्या तिथीला पाऊण तासाने गुणावे. येईल तो आकडा साधारण पूर्ण भरतीचा, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण रविवारी अर्ध्या तासाला कोण विचारतो. या एका गुणाकारावर अख्खा फेरफटका उभा आहे. वाळूवर चालायचे असेल, म्हणजे जुहूला किंवा वर्सोव्याला, तर पौर्णिमा, अमावास्या आणि त्यांच्या पुढचे दोन दिवस धरावेत: उधाण दुपारी येऊन जाते आणि संध्याकाळी पाणी इतके मागे हटते की ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. कठड्यावर बसून पायाखाली पाणी हवे असेल तर अष्टमी धरावी, तेव्हा भरती नेमकी संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. अष्टमीला भांगाचे पाणी, फार चढत नाही. पण निदान टेट्रापॉडच्या फटींतला गेल्या आठवड्याचा कचरा झाकण्याइतके चढते. हाजी अलीला निघालेल्यांनी तर हा गुणाकार दोनदा करून पाहावा, कारण दर्ग्याची वाट भरतीत पाण्याखाली जाते, आणि पाणी तुमच्या पावलांची नोंद ठेवत नाही. तिथी रविवारीच येईल याची हमी नाही. पंचांगकर्त्यांना पत्र लिहून उपयोग होत नाही.

इथे चाणाक्ष वाचक म्हणेल की पावले मोजणाऱ्याला हसता आणि स्वतः पाढे म्हणता, हे कसे? आक्षेप वजनदार आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. हिशेब दोन प्रकारचे असतात. एक, समुद्र कधी कुठे असेल याचा. दुसरा, आपण किती मोठे काम केले याचा. पहिला केला की माणूस योग्य वेळी योग्य जागी पोचतो आणि मग मोकळा होतो. दुसरा सुरू झाला की तो कधीच मोकळा होत नाही, कारण उत्तर सतत बदलत असते आणि दर वेळी थोडे कमीच असते. कोळी दर्यात शिरण्याआधी वारा आणि पाणी पाहतो. होडी किती वल्ह्यांत परत आली हे तो बायकोला सांगत नाही. वाऱ्याचेही तसेच. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि शहरभराचा धूर घेऊन किनाऱ्यावर येतो. ‘सकाळची ताजी हवा’ खायला पाच वाजता उठून गेलेला उत्साही गृहस्थ प्रत्यक्षात ती धुरकट हवा खोल श्वास घेऊन खात असतो. खारे वारे दुपारनंतर येतात. तस्मात रविवारी उशिरा उठणे आरोग्याला हितकारक आहे, आणि हा नियम घरात मोठ्याने वाचून दाखवावा.

दिशेचा नियम छोटा आहे, पण त्यावर संसारात भांडणे झालेली आहेत. मरीन ड्राइव्ह सुमारे साडेतीन किलोमीटरची कमान आहे. एका टोकाला गिरगाव चौपाटी, दुसऱ्या टोकाला नरिमन पॉइंट. चौपाटीवर उभे राहून सूर्य पाण्यात बुडण्याची वाट पाहणाऱ्यांची दरवर्षी फसवणूक होते, कारण समोर मलबार हिल आहे आणि सूर्य तिच्याआड जातो. त्याला पाण्यात पाठवायचे असेल तर दक्षिणेकडे, नरिमन पॉइंटकडे सरकत राहावे. चर्नी रोडला उतरून चौपाटीवरून निघावे, नोव्हेंबरअखेर सहाच्या आत आणि जूनअखेर सव्वासातच्या आत दक्षिण टोक गाठावे. यावर भेळवाद्यांचा आक्षेप येतो: भेळ चौपाटीवर मिळते, म्हणजे ती आधी खावी लागते, मग फेरफटक्यात उरले काय? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. आधी भेळ आणि नंतर सूर्यास्त, की भेळेची आशा धरून उलटे चालत सूर्यास्तावर पाणी सोडायचे, हा ज्याच्या त्याच्या निष्ठेचा प्रश्न आहे. इतकेच सुचवतो की सूर्यास्त रोज असतो; आणि कैरी घातलेली भेळ कैरीच्या दिवसांतच मिळते.

बसण्याबद्दल मात्र मतभेदाला जागा नाही. हा किनारा बसण्यासाठीच बांधलेला आहे. कठडा बरोबर बसायच्या उंचीचा आणि रुंदीचा आहे. रस्त्यापलीकडच्या गोल कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या इमारती १९३० आणि १९४०च्या दशकांत समुद्राकडे तोंड करून बाल्कन्या काढून बसल्या आणि त्याच बैठकीच्या जोरावर २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. वांद्र्याच्या बँडस्टँडवर लोक एकेकाळी बँड ऐकत बसत. म्हणून प्रमाण असे: जितका वेळ चालाल तितका, किंबहुना थोडा जास्तच, बसावे. बसताना पाय समुद्राकडे आणि पाठ शहराकडे असावी. या बाबतीत तरुण जोडपी आदर्श आहेत. त्यांच्यावर टीका करणाऱ्या ज्येष्ठांनी त्यांचे तंत्र एकदा पाहावे: दोन तासांत एक पाऊल नाही, एक आकडा नाही, शेंगदाण्याची एक पुडी दोघांत, आणि मागून पोलिसाची शिट्टी वाजली तरी घाई नाही. या शहरात दोन माणसांना बंद दाराआड मिळत नाही तेवढा एकांत शेकडो लोकांच्या मध्ये एका कठड्यावर मिळतो, आणि तोही फुकट. यात हसण्यासारखे काही नाही, त्यामुळे हा नियम इथेच संपवतो.

उशिरा पोचण्याची धास्ती वाटणाऱ्यांनी गेटवे ऑफ इंडियाकडे जावे. राजा पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये आला तेव्हा त्याच्या स्वागताला तिथे दगडी कमान नव्हतीच. तिची पायाभरणी १९१३ साली झाली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी, म्हणजे पाहुणा येऊन तेरा वर्षे झाल्यावर. तरीही काही बिघडले नाही.

गेटवेवरून मांडव्याची बोट धरून अलिबागला जाणे हा फेरफटक्याचा विस्तारित प्रकार. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मोठी रो-रो आहे, पण तिच्यात लोक मोटारीसकट चढतात आणि मोटार आली की माणूस फिरत नाही, पार्किंग शोधतो. हिवाळ्यात बोटीमागे कुरव पक्ष्यांचे थवे लागतात. त्यांना वेफर्स घालू नयेत. पक्ष्यांच्या पोटासाठी ते वाईट आहेत, आणि ज्याच्या डोक्यावर थवा फिरतो त्याच्या शर्टासाठीही. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, आणि इथे पुन्हा पाढा. एका दिवसात जाऊन यायचे असेल तर दशमी ते द्वादशी उत्तम: ओहोटी दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान, त्यामुळे परतीची बोट चुकत नाही. पौर्णिमेला वाळू सुंदर उघडी पडते, पण संध्याकाळी. मग मुक्काम ठेवावा. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण भांगाची, पाणी पुरते हटत नाही आणि पँट दुमडावी लागते. पाणी वळले की निघावे. किल्ल्यात सेल्फी राहिली म्हणून भरती थांबत नाही. अलिबागेतच १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांचा वेधांना उपद्रव नको म्हणून खाडीपलीकडे हलवली गेली. शहराच्या गडबडीला कंटाळून शनिवार-रविवार अलिबागला जाणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव या वेधशाळेचे लावायला हरकत नाही.

सोबत कोण असावे? माहिती देणारा नसावा. प्रत्येक टोळीत असा एक असतो. तो नरिमन पॉइंटला उभा राहून, हे टोक ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या खुर्शेद नरिमन यांनीच बॅकबेच्या भरावातला घोटाळा चव्हाट्यावर आणला होता, ही गोष्ट सांगायला सुरुवात करतो. गोष्ट खरी आणि चांगलीही आहे. पण ती सांगेपर्यंत सूर्य जातो. अशा व्यक्तीला एका थांब्याला एक वाक्य अशी मर्यादा घालावी आणि तोंडात शेंगदाणे द्यावेत. (नियमावली लिहिणाऱ्यांना ही मर्यादा लागू नाही.)

शेवटचा आक्षेप घाणीचा आणि गर्दीचा. घाण आहे. पहिल्या पावसानंतरच्या उधाणात समुद्र आपल्याच चपला आणि बाटल्या आपल्याला साभार परत करतो, आणि उपनगरांतले पदपथ असे आहेत की पेव्हर ब्लॉकच्या खड्ड्यांत नजर रुतवून चालावे लागते. तिथे तर पट्टेवाला गृहस्थच शहाणा ठरतो. पण म्हणून किनारा सोडून मॉलमध्ये फिरावे, हा निष्कर्ष निघत नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ साली अफरोज शाह यांनी कचरा उचलायला सुरुवात केली, लोक रविवारमागून रविवार येत राहिले, आणि २०१८ साली त्याच वाळूतून कासवाची पिल्ले समुद्राकडे गेली. तीही अगदी सावकाश, हे नोंदवून ठेवतो.

परतीचा प्रश्न उरतो, आणि तो रविवारी गंभीर असतो, कारण रविवारी मेगाब्लॉक असतो. ब्लॉक कुठल्या मार्गावर आणि किती वाजेपर्यंत, याची चौकशी वर सांगितलेल्या मूलतत्त्वानुसार निघण्याआधीच करावी. बहुधा ती कोणी केलेली नसते. अशा वेळी मरीन ड्राइव्हवर तीन स्थानके हाताशी आहेत: चर्नी रोड, मरीन लाइन्स, चर्चगेट; आणि आपण बसलो त्या कठड्यापासून यांतले कुठले जवळ यावर एकमत होत नाही. बायको, मुले आणि माहिती देणारा तिघे तीन नावे घेतात. इथे पट्टेवाल्या गृहस्थाला पुढे बोलवावे. आपण किती चाललो, कुठून चाललो आणि किती उरले हे त्या साऱ्या टोळीत फक्त त्यालाच ठाऊक असते, आणि विचारले याचा त्याला मनापासून आनंद होतो. तेवढ्यापुरते त्याने मनगट वर करावे. स्थानकाचे नाव सांगावे; पावलांचा आकडा सांगू नये.