लीडरकाका

ठाण्यातल्या खोपटच्या कुठल्याही सोसायटीत गच्चीची चावी एकाकडे असते, गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक दुसऱ्याकडे आणि कळसूबाई तिसऱ्याकडे. हा तिसरा म्हणजे लीडरकाका. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी बँकेत, पोट बेताचं पण ठाम. एरवी तिसऱ्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट बघत उभे राहतात. गुडघ्यांची झीज म्हणे डोंगरासाठी राखून ठेवायची असते.

जूनचा पहिला पाऊस एसटी आगाराच्या पत्र्यांवर वाजला की काकांच्या अंगात येतं. दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, त्याच्या नावात सह्याद्री असतो आणि बहुधा वाघही. बुधवारी सामानाची यादी पडते. टॉर्च, पुढे कंसात ‘सेल घालून’, कारण एका वर्षी नुसत्याच टॉर्च आल्या होत्या. इलेक्ट्रॉल, मोज्यांचा जास्तीचा जोड, चटणी-पोळी, चिक्की आणि आधार कार्डाची झेरॉक्स. शिखरावरच्या देवीने आजवर कुणाकडे ओळखपत्र मागितलेलं नाही, पण बँकेतला माणूस केवायसीशिवाय कुणाला डोंगरावर कसा चढू देईल?

शिखराची उंची ते फुटांत सांगतात. १६४६ मीटर म्हटलं की ऐकणारा नुसती मान हलवतो, ५४०० फूट म्हटलं की भुवया वर जातात. राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण हे, पण मुळात पायथ्याचं बारी गावच चांगलं उंचावर आहे आणि तिथवर आपण जीपमध्ये बसून गेलेलो असतो, ही गोष्ट ग्रुपमधल्या एका इंजिनिअर मुलाने एकदा काढली. काका शांतपणे म्हणाले, “आम्ही खोपटपासून मोजतो. खाडीच्या पातळीवरून.” त्या मुलाला पुढच्या खेपेला टॉर्चचे सेल आणायचं काम मिळालं.

जायचं शनिवारी रात्री, शेवटच्या कसारा लोकलने. डब्यात निम्मे लोक कामावरून दमून घरी निघालेले आणि निम्मे दमायला निघालेले. पहिल्या निम्म्यांच्या डोळ्यांत दुसऱ्यांविषयी जे भाव असतात ते काकांना कौतुकाचे वाटतात. आसनगाव आलं की ते सगळ्यांना खिडकीशी बोलावतात आणि बोट करून माहुलीचा किल्ला दाखवतात. बाहेर मिट्ट काळोख. “तो बघा, डावीकडचा सुळका.” सगळे माना डोलावतात. कसाऱ्याला जीप ठरवताना मात्र काकांना बघावं. ड्रायव्हर आकडा सांगतो, काका चालू लागतात, ड्रायव्हर हाक मारत नाही, काका परत येतात. दरसाल हाच कार्यक्रम होतो आणि आकडा दरसाल तोच राहतो. मग घाट, इगतपुरी, घोटी, आणि झुंजूमुंजू व्हायला बारी.

चढ सुरू होतो तिथे ज्यांना वर जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी कळसूबाईचं एक देऊळ आहे. आमच्यातला कुणीतरी तिथेच बूट काढतो, मनापासून नमस्कार करतो आणि हळूच म्हणतो, “देवी काय, इथेही तीच.” काका त्याला दंडाला धरून उठवतात. “ही ब्रांच. हेड ऑफिस वर आहे.”

तिथून पुढे काकांचा मुख्य मंत्र सुरू होतो: आता दहाच मिनिटं. पहिल्या चढाला दहा मिनिटं, पहिल्या शिडीला दहा मिनिटं, शेवटच्या शिडीलाही दहाच. काळ सापेक्ष असतो हे आईनस्टाईनला गणिताने मांडावं लागलं असेल, काका ते चालवून दाखवतात. उतरणारा कुणी भेटला की त्याला मोठ्याने विचारतात, “काय, आलंच ना?” त्या बिचाऱ्याने खरं सांगायच्या आत पाठीवर थाप मारून त्याला खाली लावून देतात.

लोखंडी शिड्यांपाशी रविवारी जी गर्दी होते ती बघून नवखे घाबरतात. ठाणेकर नाही. ऑफिसच्या वेळेला ठाणे स्टेशनच्या पुलावरून जो सुखरूप उतरतो त्याला ही शिडी म्हणजे माहेर. काका तर तिथे खुलतात. “एक जण वर, मग एक जण खाली,” असं ओळखपाळख नसलेल्या पुण्या-नाशकाच्या माणसांना सांगू लागतात आणि गंमत म्हणजे लोक ऐकतात. गळ्यातल्या शिटीचा हा परिणाम असावा.

एकदा आम्ही नवरात्रात गेलो. वर जत्रा असते, आसपासच्या गावांतून माणसं येतात. आम्ही कठड्याला धरून धापा टाकतोय आणि सत्तरीच्या पुढच्या दोन म्हाताऱ्या, लुगड्याचा काष्टा मारून, अनवाणी, गप्पा मारत आमच्या शेजारून वर गेल्या. त्यातली एक काकांच्या काठीकडे, गुडघ्यांच्या पट्ट्यांकडे आणि डेकॅथलॉनच्या बुटांकडे बघून कळवळली. “लई दुखतंय का रं बाबा?” काका पुढे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्यांना सवय असते.”

वर देऊळ एवढंसं. दोन-तीन माणसं आत शिरली की चौथ्याने बाहेरूनच हात जोडायचे. “आम्ही देवळासाठी येत नाही, निसर्गासाठी येतो,” हे काकांचं रस्ताभरचं धोरण. पण रांगेत पहिले तेच, सॅकच्या तळातून खोपटहून आणलेला नारळ काढून. पायथ्याला नारळ मिळतो, पण तिथला दर त्यांना पटत नाही, म्हणून पाच रुपये वाचवायला तो ५४०० फूट वाहून आणतात. दर्शन झालं की भूगोल. “तो अलंग, तो मदन, तो कुलंग, पलीकडे रतनगड, खाली भंडारदऱ्याचं पाणी.” चौफेर दाट धुकं, शेजारच्या माणसाचा चेहराही नीट दिसत नाही. काकांचं बोट मात्र अचूक फिरत असतं. एकदा ऑक्टोबरात आभाळ लख्ख उघडं होतं, त्या दिवशी बोट जरा अडखळलं. मदन आणि कुलंग यांनी जागा बदलल्या होत्या.

हे सगळं लिहितोय, पण उतरताना काकांना पाहिलं की टवाळी थोडी आवरती घ्यावी लागते. ग्रुपमधला सगळ्यात हळू माणूस कोण हे त्यांनी जातानाच हेरलेलं असतं. त्याच्यामागे ते शेवटचे चालतात, त्याची सॅक पोटावर अडकवून, हातात इतरांनी टाकलेल्या वेफर्सच्या पिशव्या गोळा करत. तो शेवटचा माणूस बारीत पोचेपर्यंत काका चहाला तोंड लावत नाहीत. बाकीच्यांची मात्र तोवर पिठलं-भाकरीची दुसरी फेरी झालेली असते.

देवीची कथा ते उतरताना दमलेल्यांना सांगतात. कळसू ही कोळ्याची मुलगी. रानात भटकायची फार हौस. पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बाकी सांगाल ते करीन. काही दिवस नीट गेले. मग घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला लावली. तिने निमूटपणे घासली, केरही काढला आणि जी डोंगर चढून गेली ती शेवटपर्यंत वरच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. गोष्ट सांगताना काकांचा आवाज खरोखर भरून येतो.

काकू एकदाच आल्या होत्या. काकांपेक्षा वीसेक मिनिटं आधी वर पोचून त्यांनी काकडी खात वाट पाहिली, हा तपशील ग्रुपवर कधी आला नाही. उतरताना त्यांनीही ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. नीट, शेवटपर्यंत.

“म्हणजे देवीच्या आणि यांच्या अटी एकच,” त्या म्हणाल्या. “फरक एवढाच की ती वर राहिली. हे रात्री परत येतात.”

“अगं, गोष्टीचा गाभा स्वाभिमान आहे,” काका म्हणाले.

“घासल्यानंतरचा,” काकू म्हणाल्या. “तिने आधी घासली.”

त्या ट्रेकपासून त्यांच्या घरातल्या मोरीला नाव पडलं आहे. सोमवारी सकाळी ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडत असतो, काका प्रत्येकाला अंगठा देत खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले असतात, आणि जिन्यात ऐकू येईल अशा आवाजात आतून हाक येते, “अहो, थाळेमेळावर कालचे सगळे डबे पडलेत. त्यातला पिठल्याचा भिजत घालावा लागेल.”

“आलोच,” काका म्हणतात. “दहाच मिनिटं.”