शेअर रिक्षाने विधान परिषदेत

माझा भाचा मेलबर्नच्या पूर्व उपनगरात राहतो. 24 नोव्हेंबर 2018च्या शनिवारी मी त्याच्याकडे पाहुणा होतो आणि नेमकी त्याच दिवशी व्हिक्टोरिया राज्याची निवडणूक होती. तिकडे मतदान सक्तीचं. केलं नाही तर दंडाची नोटीस घरी येते, त्यामुळे सगळं उपनगर शाळेच्या आवारात लोटलं होतं. मला मत नव्हतं. मी फाटकापाशी, तव्याजवळ उभा राहिलो. पालक मंडळी सॉसेज भाजत होती आणि पावाच्या एकाच स्लाइसमध्ये कांद्यासकट गुंडाळून विकत होती. आपल्याकडे मतदाराला मटण मिळतं ते आदल्या रात्री, गुपचूप आणि फुकट. इथे मतदार भर दिवसा, स्वतःच्या खिशातून खात होता. लोकशाही पिकली म्हणतात ती हीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दहा मिनिटांत मत फिरवावं लागलं.

भाचा फारच लवकर बाहेर आला.

"झालं?"

"झालं की, मामा."

"आकडे किती टाकलेस?" मी अधिकाराने विचारलं. मी पुणे पदवीधर मतदारसंघाचा जुना मतदार आहे. आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केच पेनाने 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहिताना माझा हात थरथरत नाही.

"खालच्या सभागृहाला सगळे. वरच्याला एकच."

"मग बाकीची पसंती?"

"ती पक्ष लिहितो."

मी हातातलं सॉसेज खाली ठेवलं. आपल्याकडेही नुसता 1 लिहून मोकळं होता येतं, पण मग मत तिथेच थांबतं. तुमच्या वतीने 2 आणि 3 लिहायला कुणी येत नाही. (येतात, पण त्याला वेगळा शब्द आहे.)

तिथली व्यवस्था अशी. विधान परिषदेची मतपत्रिका सतरंजीसारखी रुंद. मध्ये एक जाड रेघ. रेघेच्या वर पक्षांचे चौकोन, खाली उमेदवारांची नावं. खाली मत द्यायचं तर किमान पाच आकडे लिहावे लागतात. वर नुसता 1 टाकला की सुटलात. पुढे तुमचं मत कुठे कुठे हिंडेल, याची यादी त्या पक्षाने आयोगाकडे आधीच देऊन ठेवलेली असते. सगळ्या याद्यांची पुस्तिका केंद्रावर बघायला मिळते. विमा पॉलिसीच्या मागच्या पानावरच्या अटी जितके लोक वाचतात, तितकेच ती वाचतात. दहातले नऊजण रेघेच्या वर 1 टाकून तव्याकडे वळतात.

आता भाच्याचा मतदारसंघ. नाव ईस्टर्न मेट्रोपॉलिटन रीजन. बॉक्स हिल, रिंगवुड, क्रॉयडन, एल्टम अशा अकरा विधानसभा मतदारसंघांची मोट. तिथून परिषदेवर पाचजण जायचे. निवडून यायला मतांचा सहावा हिस्सा लागतो, म्हणजे 16.67 टक्के आणि वर थोडं. त्या वर्षी लेबरचे दोन आले, लिबरलचे दोन आले. इथवर पाटीवरचं गणित. पाचव्या जागेसाठी ग्रीन्सकडे नऊ टक्क्यांच्या आसपास मतं होती. ट्रान्सपोर्ट मॅटर्स पार्टीच्या रॉड बार्टन यांच्याकडे होती 0.6 टक्के. मोजून सांगायचं तर अडीच हजारांच्या घरात. सिंहगड रोडवरच्या एखाद्या मोठ्या टाउनशिपच्या निवडणुकीत एवढ्यावर सेक्रेटरी होता येणार नाही.

बार्टन आमदार झाले.

कसे, ते रिक्षा स्टँडवर उभ्या राहिलेल्या माणसाला लगेच कळेल. छोट्या पक्षांनी आपापल्या यादीत एकमेकांना वरचे क्रमांक देऊन ठेवले होते. प्रत्येक फेरीत तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं यादीप्रमाणे पुढे सरकतात. शेअर रिक्षाच ती! एक थांबा आला, एकजण उतरला, भाडं सीटवर ठेवून गेला. पुढच्या थांब्यावर दुसरा. भाडं साठत जातं आणि शेवटच्या थांब्यावर, म्हणजे स्प्रिंग स्ट्रीटवरच्या विधिमंडळाच्या पायऱ्यांशी, जो आत उरतो तो आमदार. मागच्या मतदाराला वाटत राहतं, आपण कोपऱ्यापर्यंतच बसलो होतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. बार्टन स्वतः भाड्याच्या गाड्यांच्या धंद्यातले. 2017 मध्ये राज्य सरकारने टॅक्सीचे जुने परवाने रद्द केले, नुकसानभरपाई दिली ती अनेकांना तुटपुंजी वाटली, आणि उबरला रस्ता मोकळा झाला. परवान्यासाठी कर्ज काढलेली घरं त्यात बसली. गाऱ्हाणं सच्चं होतं, त्याला सभागृहात आवाज मिळाला हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण अॅपवाल्यांविरुद्ध दंड थोपटलेला गृहस्थ सभागृहात पोहोचला तो पूलिंग करून!

अशा रिक्षा भरून देणारे एक जाणकारही तिकडे आहेत. ग्लेन ड्रुरी. वर्तमानपत्रं त्यांना पसंतीच्या कानात कुजबुजणारा म्हणतात. आपण त्याला कान फुंकणं म्हणतो आणि त्यासाठी आपल्याकडे नातेवाईक असतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियात 2021 मध्ये तर घड्याळ एक तास पुढे करा म्हणणाऱ्या पक्षाचा उमेदवार 98 पहिल्या पसंतींवर निवडून आला. निवडणूक चालू होती तेव्हा तो अमेरिकेत होता. त्या राज्याला लाज वाटली आणि त्याच वर्षी त्याने पक्षाच्या याद्यांची ही पद्धत काढून टाकली. केंद्राच्या सेनेटने 2016 मध्येच काढली होती. व्हिक्टोरिया मात्र 2022च्या निवडणुकीलाही त्याच रिक्षात बसला.

त्या संध्याकाळी मी भाच्याला ती यादी उघडायला लावली. ज्या पक्षाचं पत्रक तो घरात येऊ देत नाही, तो पक्ष त्याच्या नावावर सातव्या पसंतीला होता.

"मी असं कधीच लिहिलं नसतं, मामा."

"लिहिलं नाहीसच."

2022 मध्ये मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, नावाची पाटी बदलून नॉर्थ-ईस्टर्न मेट्रोपॉलिटन झाली, बार्टन पडले आणि ग्रीन्सना जागा मिळाली. भाचा त्या वेळी रेघेच्या खाली उतरला आणि पेन्सिलने पाच आकडे स्वतःच्या हाताने लिहिले. फोनवर म्हणाला, चार मिनिटं लागली, बाहेर आलो तेव्हा सॉसेज संपले होते.