आपली गाडी नापास होत नाही

फियाट पासिंगला न्यायची ठरली की मालकाच्या चालण्यात फरक पडतो. मालक म्हणजे प्रस्तुत लेखकच. पण त्या आठवड्यात तो स्वतःकडे इतक्या कौतुकाने बघत असतो, की त्याच्याविषयी तृतीयपुरुषात बोललेलंच बरं. एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा हा गृहस्थ शेजाऱ्यांना जिन्यात गाठतो आणि सांगतो, “आपली गाडी कधी नापास झालेली नाही.” कोणी विचारलेलं नसतं.

गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री पद्मिनी, घरात आणि गॅरेजात फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच. पुढची सीट अखंड बाकासारखी. मधे बसणाऱ्याचे गुडघे आणि गिअर यांचं भांडण ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको.

खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं कोणी हटकत नाही. मग मात्र दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण: फॉर्म २५, पीयूसी, विमा, महाराष्ट्राचा पर्यावरण कर, आणि शेवटी निरीक्षकापुढे साक्षात गाडी. या नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ मध्ये एकदम ५००० झाली. बाकीचे गाडीमालक चिडले. आमच्या मालकाने ती वाढ गाडीचा मान म्हणून स्वीकारली.

त्याचं लक्ष खरं तर २०३६ वर आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. वीस हजार रुपये भरले की नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि दहा वर्षं बघायला नको. फक्त ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल किंवा दुरुस्ती, एवढंच. म्हणजे मंडईत जाऊन मेथीच्या जुड्या आणल्या तर तो नियमभंग. मालक तेव्हापासून या पेचावर विचार करतो आहे.

पासिंगमधला त्याचा सर्वांत लाडका भाग म्हणजे चॅसिस नंबरचा ठसा. याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण मालक नेहमीच बोलतो. बॉनेट उघडायचं. रॉकेलच्या बोळ्याने वर्षांची काजळी पुसायची. पत्र्यात ठोकलेले आकडे दिसायला लागले की त्यांवर पेन्सिल आडवी धरून शिसं घासायचं. साधी एचबी चालत नाही, मऊ लागते, असं मालकाचं मत. नातीच्या चित्रकलेच्या डब्यातली ४बी पेन्सिल या कामी आलेली आहे आणि त्यावरून घरात बोलणीही झालेली आहेत. मग वर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, नखाने हवा काढायची आणि श्वास रोखून अलगद सोलायची. पट्टीवर आकडे उमटून येतात, ती फॉर्मवर डकवायची. आरटीओच्या आवारात हेच काम पोरं झटक्यात करून देतात. मालकाला ते पटत नाही. पोरांच्या ठशात सातचा एक होतो म्हणे. त्याने घरीच ठसे काढले, त्यांतला उत्तम फॉर्मवर लावला, दुसऱ्या क्रमांकाचा झेरॉक्स करून फाइलला आणि तिसरा डायरीत. तिसऱ्याचा उपयोग काय, हे विचारणाऱ्या पत्नीला त्याने उत्तर दिलं नाही.

फियाट पास का होते, याचं कारण मात्र त्याने कधी नीट ऐकून घेतलेलं नाही. मिस्त्री सांगतात की तिच्यात बिघडायला आहेच काय? एअरबॅग नाही, एबीएस नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायर: एवढं दोन दिवस गाडी ठेवून घेतली की जमतं. यंदाही जमलं. कित्येक वर्षं काचेवर मधेच गोठलेले वायपर मिस्त्रींच्या हातून परत आले ते सपासप हलत. कसे, ते मालकाने विचारलं नाही.

ब्रिटनमध्ये अशी वार्षिक तपासणी १९६० साली सुरू झाली. २०१८ च्या मे महिन्यापासून त्यांनी चाळीस वर्षांपुढच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना त्यातून सूटच दिली: या गाड्या कमी फिरतात आणि मालक त्यांना जपतात, असा हिशोब. हे वाचून मालक हिरमुसला. परीक्षाच नाही, तर जिन्यात शेजाऱ्यांना सांगायचं काय?

खरी परीक्षा दिली ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीने. टॅक्सी म्हणजे व्यावसायिक वाहन. आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस. दोन पाळ्यांत दोन चालक, टपावर ट्रंका, डिकीत सीएनजीची टाकी, जुलैत गुडघाभर पाणी, आणि तरी दरवर्षी रंग मारून, रेडियम चिकटवून रांगेत हजर. पास होत राहिल्या. सरकारने २००८ मध्ये टॅक्सीचं वय पंचवीस वर्षांवर आणलं, २०१३ मध्ये विसावर. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही उरली नाही. धुराचं कारण खोटं नव्हतं, सुरक्षेचंही नव्हतं. पण जी गाडी पोट भरत होती तिला वयाने घालवलं, आणि तिच्याहून सतरा वर्षांनी म्हातारी, रविवारी सकाळी पोहे खायला जाणारी आमची फियाट ताठ मानेने रस्त्यावर आहे. त्या दिवसांत लोक शेवटच्या टॅक्सीसोबत फोटो काढत होते. मालकाने तसला एक फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमची अजून आहे.’ मग त्यालाच कसंतरी झालं. त्याने ते पुसलं. तोवर अकरा अंगठे आले होते.

यंदाचा निरीक्षक वयाने गाडीहून लहान निघाला. आत बसला, खाली हात चाचपले आणि म्हणाला, “काका, गिअर कुठंय?”

या एका प्रश्नासाठी मालक पाच वर्षं थांबला होता. त्याने दांडा दाखवला, चारही गिअर पाडून दाखवले, मागितला नसताना रिव्हर्सही दाखवला. ‘काका’ तेवढं खटकलं. निरीक्षकाने गाडी पुढे नेली, ब्रेक दाबला, दिवे पाहिले, वायपर लावला आणि मान डोलावली. “वायपर एक नंबर आहे. एवढ्या जुन्या गाडीत चालू बघितला नव्हता.”

“ठेवायला लागतं तसं,” मालक म्हणाला.

फाटकाबाहेर मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभेच होते.

“साहेब, पाच मिनिटं. वायपरची मोटर काढून घेतो. उद्या डॉक्टरसाहेबांची फियाट आहे पासिंगला, परवा वकिलांची. चांगली मोटर एवढी एकच आहे.”

“अहो, पण पाऊस आला तर?”

मिस्त्रींनी बॉनेट वर केलं. “तुम्ही कधी काढता साहेब पावसात?”