लांजीला जाताना पाइप सोबत न्यावा

लांजीचा किल्ला पाहण्यासारखा आहे, असं माझी बायको सांगते. आत देवीचं देऊळ आहे, गावाजवळ कोटेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे, तेही चुकवू नये, असंही सांगते. मीसुद्धा त्या दिवशी लांजीतच होतो, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मी पाहिलं ते एका पांढऱ्या फॉरेस्टरचं पोट, तेही खालून.

ही फॉरेस्टर काय प्रकार आहे हे मी कोणी न विचारता सांगतो, अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. लग्नात मला बघून लोक पंगत बदलतात. तुम्हाला तशी सोय नाही, म्हणून सांगतो. 2003 साली जनरल मोटर्सने शेवरलेट हे नाव भारतात आणलं, तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांत एक फॉरेस्टर होती. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती शेवरलेट वाटायची, पण आतून-बाहेरून ती जपानची सुबारू. सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये तेव्हा जनरल मोटर्सचा 20 टक्के वाटा होता, त्या सोयरिकीतून हे बारसं झालं. 2005 मध्ये वाटा विकला गेला, सोयरीक संपली. 2017 मध्ये शेवरलेटनेही भारतातला गाशा गुंडाळला. म्हणजे माझ्या गाडीचा जन्म जपानी, आडनाव अमेरिकन, पासिंग नागपूरचं आणि पालक कोणी नाही.

असं पोरकं लेकरू सांभाळायचं तर परदेशात भाचा लागतो. माझा मेलबर्नला आहे. ऑस्ट्रेलियात फॉरेस्टर म्हणजे आपल्याकडची स्प्लेंडर, भंगारातसुद्धा रांगेने उभ्या. लोकांचे भाचे बॅगेतून चॉकलेटं आणतात, माझा टायमिंग बेल्ट आणतो. या इंजिनात वॉटर पंपसुद्धा टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्यामुळे बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्यावा लागतो, आणि पंप वजनाला जड. एका वर्षी त्याने आपल्या सख्ख्या आईसाठी घेतलेली पर्स काढून पंप बॅगेत बसवला. ताई अजून माझ्याशी मोजून बोलते.

बाकी सुधारणा मी इथल्या इथे करतो. हेडलाइटला एलईडी बसवले, मागे कॅमेरा लावला, मधोमध टचस्क्रीन घातली. टचस्क्रीनवर बोटाने गाणी बदलता येतात, नकाशा दिसतो, वेळ दिसते. इंजिन तापलंय हे दिसत नाही.

सरकारचंही या वयाच्या गाडीवर लक्ष असतं. पंधरा वर्षं झालेल्या खासगी मोटारीचं पासिंग पुन्हा करायची फी 1 एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजार झाली. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये गेली होती. मला आणि गाडीला वय झाल्याबद्दल दोन वर्षांच्या अंतराने दंड झाला.

लांजीला आम्ही निघालो बायकोच्या मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला. लग्न संध्याकाळी, तेव्हा सकाळी पोचून किल्ला बघू, असं ठरलं. भंडारा, साकोली, देवरी, मग डावीकडे आमगाव. आमगावच्या पुढे बाघ नदी लागते, तिच्यापलीकडे मध्य प्रदेश. एप्रिलात नदीत नदी कमी आणि वाळू जास्त होती. मी बायकोला बॉक्सर इंजिनाचा गुरुत्वमध्य खाली असतो, म्हणून वळणावर गाडी कशी चिकटून राहते, ते सांगत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. लांजीच्या बाजारात शिरताना बॉनेटखालून आवाज आला, कुकरची शिट्टी उडावी तसा, आणि समोरची लांजी वाफेत दिसेनाशी झाली.

रेडिएटरचा खालचा पाइप फुटला होता. वरचा फुटला असता तर मी स्वतः काहीतरी केलं असतं असं मी म्हणतो. खालचा रेडिएटरच्या तळातून निघून वळणं घेत इंजिनाच्या पोटाखाली थर्मोस्टॅटपाशी जातो. वीस वर्षं तापून, थंड होऊन रबर क्लिपपाशी बिस्किटासारखं तडकलं होतं.

पाच मिनिटांत गर्दी. कोणी म्हणालं हेड गॅस्केट गेलं. कोणी म्हणालं गाडी पेट घेणार. एक पोरगा मोबाइलवर शूटिंग करत "शेवरलेट ब्लास्ट" असं बोलत होता, त्याच्यावर मी खेकसलो. पुतण्यासारखा होता, खेकसायला नको होतं, असं बायको म्हणाली. मग ती ऑटो करून किल्ला बघायला गेली.

ढकलत गाडी नेली ती एका ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानासमोर. धानाचा मुलूख. इथे मिस्त्री म्हणजे ट्रॅक्टरचा, नाहीतर धान कुटायच्या गिरणीचा. हा पस्तिशीतला होता, बनियनवर, कानात पेन्सिल. त्याने बॉनेट उघडलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि बराच वेळ आत बघितलं.

"इंजिन कोठं हाये जी याचं?"

याच क्षणाची मी आयुष्यभर वाट बघत असतो. मी सांगितलं: बाकीच्या गाड्यांत सिलिंडर उभे, इथे आडवे पडलेले, दोन इकडे, दोन तिकडे. समोरासमोरचे पिस्टन एकदम बाहेर जातात, एकदम आत येतात, एकाचा हिसका दुसरा मारतो, म्हणून इंजिन थरथरत नाही. सुबारूने 1966 सालापासून हा हट्ट सोडलेला नाही. प्लग बाजूला, चासीकडे तोंड करून. या कंपनीचं मूळ नाकाजिमा नावाच्या विमानं बनवणाऱ्या कारखान्यात आहे...

"प्लग बदलायले इंजिन उतरवता काय?" त्याने मधेच विचारलं.

उतरवायला लागत नाही, पण हाताची सालं निघतात, हे मला मान्य करावं लागलं. "मंग विमानच बनवाले पायजे होतं त्याहीनं," असं म्हणून त्याने जमिनीवर बारदाना टाकला आणि खाली सरकला. मीही सरकलो. तिथून पुढे आमची ओळख आडवी झाली.

पहिला उपाय सरळ होता. तडकलेलं टोक दोन बोटं कापायचं, उरलेला पाइप ओढून पुन्हा चढवायचा. कापला. ओढला. पाइप तेवढाच आखूड राहिला आणि रेडिएटरची नळी बोटभर लांब. मग त्याने दुकानात जाऊन ट्रॅक्टरचे जुने पाइप आणले, हातभर सरळ. सरळ पाइप वळणावर बसवला की मधे चिमटतो, पाणी अडतं. शेवटी ढिगाखालून कुठल्याशा मेटाडोरचा बाक असलेला तुकडा निघाला. तो एका बाजूने सैल. सैल बाजूला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वर दोन क्लिपा आवळल्या. मी म्हणालो, "दोन्ही क्लिपांचे स्क्रू एकाच बाजूला येऊ देऊ नका." त्याने माझ्याकडे प्रथमच जरा आदराने पाहिलं. हे वाक्य मी मेलबर्नच्या भाच्याकडून ऐकलेलं होतं.

मग तो म्हणाला, "थर्मास्टेट काढून टाकतो."

भारतातल्या प्रत्येक मिस्त्रीच्या मनात हे वाक्य तयार असतं. गाडी तापली, काढ थर्मोस्टॅट. मी बॉनेटवर आडवा हात धरला. थर्मोस्टॅट ही एक झडप असते, इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्याला योग्य तापमानाला लवकर येऊ देते, ती काढली तर इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, वगैरे.

त्याने वर सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इथं बर्फ पडते काय जी?"

एप्रिल होता. वाद तत्त्वाचा होता म्हणून मी हरलो नाही, थर्मोस्टॅट राहिला. पण गर्दी सगळी त्याच्या बाजूला गेली.

पाणी भरलं, गाडी सुरू केली, काटा चढायला लागला. पाइप गळत नव्हता आणि तरी चढत होता. मी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "एअर धरली." ट्रॅक्टरवाल्याला हे शिकवावं लागत नाही. डिझेलच्या लाइनीत हवा अडकली की ट्रॅक्टर चालू होत नाही, तेव्हा एअर काढणं हे यांचं रोजचं काम. सुबारूचं आडवं इंजिन तर हवा धरण्यात वाकबगार. पाणी भरलं असं वाटतं आणि आत कुठेतरी बुडबुडा मांडी घालून बसलेला असतो. त्यासाठी रेडिएटरवर वरच्या कोपऱ्यात हवा सोडायचा एक छोटासा प्लास्टिकचा स्क्रू असतो. मी तो अभिमानाने दाखवला. त्याने स्क्रूड्रायव्हर लावला, अलगद फिरवला, आणि स्क्रूचं डोकं त्याच्या हातात आलं.

"टुटला," तो म्हणाला. गर्दीतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला.

उरलेला अर्धा स्क्रू त्याने तापलेला खिळा खुपसून, फिरवून बाहेर काढला. हे मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मग रंगाचा जुना डबा पालथा केला. नट, बोल्ट, पाटे, एक चांदीचं जोडवंसुद्धा निघालं, ते त्याने गुपचूप खिशात टाकलं. एकेक बोल्ट भोकाला लावून बघत तो एकावर थांबला. आटे अगदी जुळत नव्हते, पण भांडतही नव्हते. त्याला नळवाल्यांची पांढरी टेप चार वेढे, आणि वायसर म्हणून पुन्हा सायकलची ट्यूब. पंचाने गोल पाडली, मधलं भोक सुईने सुरू करून ब्लेडने वाढवलं. ट्यूब कापताना त्याची जीभ दाताखाली आली होती, शाळेतल्या पोरासारखी. दुकानासमोरच्या मातीच्या उतारावर गाडीचं तोंड वर करून उभी केली, आत हीटर पूर्ण खोलला, आणि थोडंथोडं पाणी घालत बसलो. बुडूक. बुडूक. प्रत्येक बुडबुड्याला गर्दी मोजायला लागली.

या बसण्यात एक म्हातारे गृहस्थ माझ्याशेजारी येऊन टेकले. धोतर, पांढरी टोपी. "नागपूरहून आले काय जी?" हो म्हटलं. "नागपूर आमची राजधानी होती ना." खरंच आहे. 1956 पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. ते तेव्हा शाळेत होते. बाप कोर्टाच्या तारखेला नागपूरला जायचा आणि येताना संत्री आणायचा, एवढं त्यांना आठवत होतं. आता नागपूरला ते मेडिकलमध्ये दाखवायला जातात.

बराच वेळ गाडीकडे बघून म्हणाले, "सामान भेटत नसन ना याचं?"

नाही मिळत, म्हटलं.

"माह्याकडे राजदूत हाये. मॅग्नेटची कॉइल भेटत नाही." त्यांनी धोतराच्या सोग्याने हात पुसला. "भावाची होती. भाऊ गेला. गाडी हाये."

मी इतका वेळ बडबडलो होतो, पण त्यावर मला काही बोलता आलं नाही. खिशातलं लग्नाचं निमंत्रण काढून त्याच्या मागच्या बाजूला मी त्यांचं नाव, गावाचं नाव आणि "राजदूत 175, मॅग्नेट कॉइल" असं लिहून घेतलं. त्यांनी ते दोनदा वाचून दाखवायला लावलं, आणि वर्षसुद्धा लिहायला लावलं.

काटा मधोमध येऊन थांबला तेव्हा बायको ऑटोतून उतरली. किल्ला बघून झाला होता, मंदिर झालं होतं, वर चिन्नोर तांदळाची एक पिशवी होती. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये जीआय मानांकन मिळालं. ही माहिती मी तिला दिली, तर म्हणाली दुकानदाराने सांगितलं. मिस्त्रीला पैसे किती विचारले, तर त्याने माझ्या हातातलं निमंत्रण बघून विचारलं, कोणाच्या लग्नाला? नाव सांगितलं. "मी बी येतो ना तिथंच," म्हणाला, आणि मजुरी घ्यायला नकार दिला. पाइपाचे तेवढे घेतले. संध्याकाळी मांडवात तो इस्त्रीचा शर्ट घालून, केसाला तेल लावून भेटला. आमच्या पंगतीला बसून त्याने आजूबाजूच्या चौघांना बॉक्सर इंजिन समजावून सांगितलं, नाकाजिमासकट. कोणी पंगत बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याने बजावलं, साठच्या वर नेऊ नका, काटा चढला तर हीटर खोला. इंजिनाची उष्णता हीटरमधून गाडीच्या आत येते, इंजिन तेवढं निवतं. शास्त्र पक्कं आहे. देवरीच्या पुढे काटा चढला. बाहेर चाळीसच्या वर, आत हीटर, चारही काचा खाली, गाडीत चिन्नोरचा वास आणि गोडसर कूलंटचा वास.

"अहो," बायको पदराने वारा घेत म्हणाली, "तो मिस्त्री काय काढून टाकू म्हणत होता?"

साकोलीजवळच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेला नाही म्हणून एक पोरगा हातात मशिन घेऊन खिडकीशी आला. आतली झळ तोंडावर बसली तसा तो मागे सरकला. "साहेब, एसी बिघडला वाटते." बायको म्हणाली, "नाही, लावलाय तो हीटर आहे." त्याने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि गेट उघडून दिलं.

मेलबर्नला यादी गेली आहे: खालचा पाइप, वरचा पाइप, रेडिएटरचे हवेचे स्क्रू चार. राहता राहिली राजदूतची कॉइल. नागपुरातल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून अजून सापडलेली नाही. पण राजदूत 175 मुळात पोलंडच्या एसएचएल एम 11 या मोटारसायकलीवरून बनली होती. त्यामुळे पोलंडमध्ये कोणाचा भाचा असेल आणि त्याच्या बॅगेत थोडी जागा असेल, तर कृपया कळवावं.