पुण्याचा आकडा, शेनाळ्याचा घाट

मंडणगडात कुणी गाडी घेतोय म्हटलं की पारावर पहिला प्रश्न ठरलेला : "ॲव्हरेज किती?" रंग, एअरबॅगा, स्क्रीन हे सगळं नंतर. या प्रश्नाला हसणाऱ्यांनी आमच्या तालुक्यात चार दिवस राहावं. इथे रेल्वे नाही. गाडी पकडायची तर खेड नाहीतर माणगाव गाठायचं. मोठा डॉक्टर घाट उतरून, कॉलेजातली मुलगी घाट उतरून, आणि गाडीचं शोरूमसुद्धा महाड, खेड नाहीतर चिपळूणला. प्रत्येक कामाला आधी पेट्रोल जळतं, मग काम होतं. त्यामुळे प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. खोटं आहे ते त्याला मिळणारं उत्तर.

"काका, पंचवीस देते बघा." शोरूममधला पोरगा हे पाठ केल्यासारखं सांगतो. कुठे देते, किती माणसं घेऊन देते, एसी लावून देते का, हे तो सांगत नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

तो आकडा येतो चाचणीच्या खोलीतून. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. अशी चाचणी देशात इतरत्रही होते, पण लोकांच्या तोंडी 'एआरएआय मायलेज' हेच नाव बसलंय. ही चाचणी कशी होते ते नीट समजून घ्या. गाडी जागेवर पट्ट्यांनी बांधतात. चाकं लोखंडी रोलरवर फिरतात, गाडी तसूभर पुढे जात नाही. समोर मोठा पंखा असतो. चालक पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो, कमी करतो, थांबतो. हा सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी. वेग ताशी ९० च्या वर जात नाही. एसी बंद. सायलेन्सरमधून निघालेल्या धुराचा नमुना पिशव्यांत गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळलं याचा हिशेब मांडतात.

मोजणी अचूक आहे. सगळ्या कंपन्यांना एकच नियम, एकच रेषा, म्हणून दोन गाड्या शेजारी ठेवून बघायला तो आकडा कामाचाही आहे. पण त्या रोलरवर चढ नाही. म्हाप्रळची खाडी मागे टाकून आमच्या तालुक्यातला शेनाळ्याचा घाट चढताना जे होतं, ते त्या खोलीत घडतच नाही.

हिशेब मीच मांडतो. गाडी आणि आतली चार माणसं मिळून तेराशे किलो धरा. हे वजन शंभर मीटर उंच न्यायला, इंजिनात वाया जाणारी उष्णता धरून, साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर पेट्रोल लागतं. सपाटीला लिटरमागे वीस किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात अडीच ते तीन किलोमीटर जाते. म्हणजे दर शंभर मीटर चढाईला अडीच-तीन किलोमीटरचं पेट्रोल जास्तीचं. उतारावर त्यातलं थोडं परत मिळतं, उरलेलं ब्रेक तापवण्यात जातं. गणपतीत मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याची गाडी आठवा : पाच माणसं, मागे सामान, टपावर कॅरियर, काचा धुरकटतात म्हणून एसी चालू, वर पाऊस. त्या गाडीला कागदावरचे पंचवीस कुठून पडणार? आणि पडले नाहीत की तो मेकॅनिकशी भांडतो. मेकॅनिकचा त्यात काय दोष?

छोट्या इंजिनाचंही असंच. एक लिटरचं इंजिन सपाटीला कमी पितं, हे खरं. पण तीच गाडी भरून घाटात घातली की दुसऱ्या गिअरवर रडत चढते. कागदावर थोडी मागे असलेली, जरा जास्त दमाची गाडी अशा वेळी तिच्या बरोबरीला येऊ शकते. हे कळायला टेस्ट ड्राइव्ह असते. मला मिळालेली टेस्ट ड्राइव्ह महामार्गाच्या सपाट पट्ट्यावर सहा किलोमीटरची होती, शेजारी एक माणूस, मागची सीट रिकामी. घाटात नेऊ का विचारलं तर 'साहेबांची परवानगी नाही' म्हणाले. आठ-दहा लाख रुपये मोजणाऱ्याला चढ दाखवायची परवानगी नाही! मला याचा राग आला आणि अजून आहे.

आता तुलनेबद्दल, कारण लोक इथेच जास्त फसतात. डिझायर घ्या. कंपनी पेट्रोल मॅन्युअलला लिटरमागे २४.७९ किलोमीटर सांगते, सीएनजीला ३३.७३. ऐकणारा म्हणतो, सीएनजी नऊने जास्त देते. अहो, एक आकडा लिटरचा, दुसरा किलोचा! एक किलो सीएनजीत जवळपास दीड लिटर पेट्रोलाइतकी ऊर्जा असते. गाडी काही जास्त देत नाही, किलोतच इंधन जास्त असतं. सीएनजी परवडतो तो दरामुळे, तेव्हा तुलना रुपयांत करा : एका किलोमीटरला किती रुपये? मग पुढचा प्रश्न, भरायचा कुठे? पंप तीस किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन साठ किलोमीटर आणि वर रांग. डिकीत सिलिंडर बसला की आंब्याच्या पेट्या आणि तांदळाची गोणी टपावर जाते, आणि टपावरचं ओझं वारा अडवून पुन्हा इंधनच खातं.

डिझेल घेणाऱ्याला एकच विचारतो : रोजचं धावणं किती? १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून लांब, एका वेगात पळावी लागते. घर ते बाजारपेठ चार किलोमीटर हीच तुमची धाव असेल तर ॲव्हरेजमध्ये वाचवलेलं गॅरेजमध्ये जाईल.

आणि एक हिशेब शाळेतल्या पोरांनाही द्यावा असा. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरा. वडापची जुनी गाडी दहाचं ॲव्हरेज देते, ती बदलून बाराची घेतली. हजार लिटरचे ८३३ झाले, १६७ लिटर वाचले. दुसऱ्याने वीसची विकून चोवीसची घेतली. पाचशेचे ४१७ झाले, वाचले ८३. चारचा फरक दोनच्या फरकापेक्षा निम्मंच वाचवतो! 'लिटरला किती किलोमीटर' हे मापच डोळ्यांना फसवतं. 'शंभर किलोमीटरला किती लिटर' असं माप लावलं की लगेच दिसतं : दहाचे सव्वाआठ झाले, पाचाचे सव्वाचार. युरोपात बहुतेक ठिकाणी हेच माप चालतं. आपल्याकडे शोरूमच्या पाटीवर ते ठळक छापायला कायद्याने लावलं पाहिजे, आणि शेजारी एसी लावून आलेला आकडाही.

जास्त देणारी गाडी ऐंशी हजारांनी महाग असेल तर तेही याच वहीत मांडा. घाटरस्त्याला एक साडेसोळा देते आणि दुसरी अठरा, असं समजा. वर्षाला दहा हजार किलोमीटर, पेट्रोल शंभर रुपये लिटर. वाचतात साधारण पाच हजार. ऐंशी हजार फिटायला सोळा वर्षं! पन्नास हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याला तीच गाडी तीन-सव्वातीन वर्षांत फिटते. गाडी तीच, उत्तर वेगळं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या धाटणीच्या, दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज त्यावर ६ ते ७ टक्क्यांनी घटतं, आणि वीससाठी जुळवलेल्या गाडीचं १ ते २ टक्क्यांनी. विकणारा 'माझी वीस द्यायची' म्हणतो ते खरंही असेल. तुम्हाला ती तेवढी देईलच असं नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. उतार लागला की गाडी न्यूट्रल करून, काहीजण तर चावी फिरवून इंजिनच बंद करून घाट उतरतात. पेट्रोल वाचतं म्हणे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल तर चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही. आणि इंजिन बंद केलंत तर ब्रेकला मिळणारा जोर दोन-चार दाबांत संपतो, स्टीअरिंग दगडासारखं होतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

खरं ॲव्हरेज काढायचं असेल तर ज्याच्याकडे ती गाडी आहे त्याला गाठा, पेट्रोलचे पैसे तुम्ही द्या. एकाच पंपावर, एकाच नळीने, पहिला 'खट्' आवाज येईपर्यंत टाकी भरा. वर 'अजून थोडं' घालू नका. किलोमीटर लिहून ठेवा. नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या माणसांसकट तीनशे किलोमीटर फिरा. त्याच नळीने पुन्हा पहिल्या 'खट्'पर्यंत भरा. किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. येणारा आकडा तुमचा.

गेल्या आठवड्यात शोरूममधून पुन्हा फोन आला. ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे म्हणाले. मी म्हटलं, गाडी म्हाप्रळला आणा. आम्ही चौघं बसतो, एसी लावतो, आणि शेनाळ्याचा घाट चढून वर येतो. पेट्रोल माझं. विचारून सांगतो, म्हणाला पोरगा.